कापऱ्याची माफी मागायला: नांदे ते मुळशी, स्कूटीवर

"आमच्या घरात पत्ते चालायचे न्हाईत, आधीच सांगतो," असं खोली भाड्याने देताना मला बजावणारे आमचे घरमालक चार वर्षं दर पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर जात होते. हे मला डिसेंबरातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी कळलं. सांगितलं त्यांच्याच बायकोने, आणि तेही जिना झाडता झाडता, दूध नासलं असं सांगावं इतक्या सहज.

"तुमी रविवारी मुळशीला निगालाय न्हवं? मग ह्यास्नी बी घिऊन जावा. कासार आंबोलीला त्यो घोडा हाय त्यांचा. एकदा बघू द्या. दोन वर्सं झाली, निस्ता कुढतुया माणूस."

"घोडा? काकांचा घोडा आहे?" मी पायरीवरच थांबले.

"त्यांचा कसला! रेसचा. कापऱ्या."

आधी आमची ओळख सांगते. मी मूळची उदगीरची. नोकरी हिंजवडीला, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. राहायला नांद्यात, बबनकाकांच्या वरच्या खोलीत. याच गावात एका स्कीममध्ये मी तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय, त्याचा ताबा मिळेपर्यंत ही खोली. बबनकाका बासष्ट वर्षांचे, पांढरी टोपी, दोन म्हशी, घरामागे थोडी भाजी. बोलणं मोजकं. फ्लॅट बुक केला तेव्हा मी पेढे घेऊन खाली गेले होते. काकांनी पेढा घेतला, खिशात टाकला आणि म्हशीकडे निघून गेले. सँपल फ्लॅट बघायला चला म्हणून दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा त्यांना नेमकी म्हैस पिळायची होती. भाडेकरू जाणार म्हणून फुगले असतील, असं मी धरून चालले.

तर असा हा माणूस आणि रेस! मी तशीच खाली गेले आणि सरळ विचारलं. काका आधी काकींकडे रागाने बघत बसले. मग उठले आणि देवघराशेजारची एक तसबीर काढून माझ्या हातात दिली. दोन वर्षं मी ती लांबून बघत होते आणि कुठल्या तरी देवाचं वाहन असेल असं समजत होते. ते वर्तमानपत्रातलं रंगीत कात्रण निघालं. तांबडा, लांब मानेचा घोडा, पाठीवर वाकलेला जॉकी, घोड्याच्या दोन्ही कानांवर लालभडक कापडी टोप्या. कागदोपत्री नाव कॉपर लँटर्न. काकांच्या तोंडी कापऱ्या.

"ह्या टोप्या कशाला?" मी विचारलं.

"मालकाची हौस. आपुन पोळ्याला बैलाच्या शिंगास्नी बेगड लावतो न्हवं? तसं."

मग काका जे बोलायला लागले ते थांबेचनात. कॅम्पात पंपाचा पार्ट आणायला गेले असताना एका मेव्हण्याने त्यांना रेसकोर्सवर नेलं. स्वस्तातल्या तिकिटाच्या कुंपणाला, अगदी टोकाला, जिथे घोडे शेवटचं वळण संपवून सरळ पट्ट्याला लागतात, तिथे हे उभे राहिले. तांबडा घोडा पाचवा का सहावा येत होता. काकांनी आपल्या बैलांना शर्यतीत द्यायचे तशी आरोळी दिली. "हुर्र्योऽऽ!" आणि घोडा सुटला.

"टोपीतला कान फिरवला त्यानं माज्याकडं. आईशपथ सांगतो. कान फिरवला आन् बाण सुटल्यागत ग्येला."

त्यानंतर कापऱ्या पुण्यात आणखी आठ वेळा पळाला. आठही वेळा काका त्याच कुंपणाला, त्याच खांबाशी. त्याच जागी आरोळी, त्याच जागी घोडा सुटायचा, आणि जिंकायचा. एकूण नऊ.

"किती पैसे लावलेत?" मी विचारलं. मला वाटलं, आता खरी गोष्ट बाहेर येणार.

काका दुखावले. "एकदा बी न्हाई. आपल्याच पोरावर पैसं लावतंय का कुनी?"

दहाव्या शर्यतीला काका नव्हते. शनिवार होता, पौडला काम होतं. कापऱ्याचा पाय त्याच वळणावर, काकांच्या खांबासमोरच गेला. लंगडत शेवटी आला आणि पुन्हा कधी पळाला नाही. काकांना हे दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं. तेव्हापासून त्यांनी रेसचं नाव काढलेलं नाही, आणि काकी सांगत होत्या की जेवणही निम्म्यावर आलंय.

"त्यानं वळणावर माजी वाट बघितली आसंल," काका म्हणाले. "आवाज आला न्हाई म्हनून बुजला. मला दोनच शब्द बोलायचं हायेत त्याच्यासंगं. चुकलो राजा. बास."

मी माझ्या आयुष्यात माणसं नटासाठी रडताना पाहिली आहेत, क्रिकेटसाठी उपाशी राहताना पाहिली आहेत. पण घोड्याची माफी मागायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तो माझा घरमालक होता. मला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही.

रविवारी सकाळी सातला निघालो. मी पुढे हेल्मेटमध्ये, मागे काका मफलर गुंडाळून, मांडीवर गूळ आणि गाजरांची पिशवी. अख्खं गाव बघत होतं. पिरंगुटच्या रस्त्याला लागायला आमच्या स्कीमच्या दारावरून जवळ पडतं, पण काकांनी मला वळसा घ्यायला लावला. "तितं खडी हाय, गाडी घसरंल." लवळ्यावरून जाणारा रस्ता अरुंद आहे पण डिसेंबरात फार छान, दोन्हीकडे ज्वारी आणि हरभरा, मधूनच एखाद्या बंगल्याची भिंत. खड्डे मोजू नका. पिरंगुटला चौकात मिसळ खाल्ली, पंचवीस रुपयांत पाव पोटभर, तर्री मागाल तितकी. काकांनी एक पाव खाल्ला आणि दुसरा पिशवीत ठेवला.

"घोड्याला मिसळीचा पाव?" मी विचारलं.

"कोरडा हाय की."

कासार आंबोलीचं वळण पिरंगुटहून निघाल्यावर थोड्याच वेळात येतं. मी इंडिकेटर दिला, तर काकांनी खांद्यावर थाप मारली. "आधी धरान बघू." दोन रात्री झोप न लागलेला माणूस दारात येऊन मागे फिरत होता. मी सरळ निघाले. पौडच्या सरकारी कचेऱ्यांपाशी पुन्हा थाप. "हाना गाडी, थांबू नगा हितं." मला चहा हवा होता, पण आवाज असा होता की मी निमूट गाडी हाणली.

पौडच्या पुढे रस्ता एकदम बदलतो. गर्दी संपते, डोंगर जवळ येतात आणि मग उजवीकडे पाणी दिसायला लागतं. मुळशीचं पाणी डिसेंबरात काठोकाठ, निळं आणि इतकं गप्प असतं की आपणही आवाज खाली करतो. फोटो काढायला उत्तम जागा म्हणजे धरण ओलांडल्यावरचं दुसरं मोठं वळण. गाडी लावायला जागा आहे, पोरंटोरं असतील तर कठड्याकडे लक्ष ठेवा. मी फोटो काढत होते. काका टोपी काढून उभे होते.

"ह्याच्याखाली माज्या आज्जीचं माहेर हाय," ते म्हणाले. "घर, शेत, समदं. आज्जी हिकडं कदी आलीच न्हाई. पानी बघवत न्हाई म्हनायची."

मी मान हलवली. त्या क्षणी मला ते प्रवासातल्या माहितीसारखं वाटलं. मी वहीत टिपूनही घेतलं.

जेवण रस्त्यालगतच्या एका घरगुती खानावळीत. पिठलं, भाकरी, ठेचा, इंद्रायणीचा भात. साठ रुपयांत. ठेचा जपून खा, मी खाल्ला नाही आणि तरी नाकातून पाणी आलं. काका भात चिवडत बसले. तीन वाजता मीच उठले आणि म्हटलं, "चला काका, घोडा वाट बघतोय." चेष्टेत म्हटलं. त्यांनी ती खरी धरली आणि तोंड धुतलं.

फार्म कासार आंबोलीच्या आत आहे. गावातून डावीकडे कच्च्या रस्त्याने गेलं की पांढरं कुंपण लागतं. मालक मुंबईला. नाव-पत्ता मी देत नाही, कारण तिथे आधीच माणसं फार येतात. रविवारी तीन ते पाच सोडतात. तिथे घोड्याची निगा राखणारा, रेसवाले ज्याला साईस म्हणतात तो, अंकुश नावाचा फलटणकडचा पन्नाशीचा माणूस भेटला. रेसकोर्सच्या तबेल्यापासून तोच कापऱ्याबरोबर आहे.

"तुमी कितवे आज?" त्याने स्वतःलाच विचारलं. "सातवे. मगाशी येक बँकवाले सायेब आलं हुतं, केक घिऊन. घोड्याला केक!"

मग त्याने मला खोलीतून एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणून दाखवला. डब्यात पत्रं होती. घोड्याला आलेली. पोस्टकार्डं, अंतर्देशीय, एका शाळकरी मुलीने काढलेलं चित्र, आणि एक लग्नपत्रिका. तिच्यावर चक्क लिहिलं होतं: श्री. कॉपर लँटर्न, सहकुटुंब सहपरिवार. मी ती दोनदा वाचली. एका कार्डावर कोणीतरी लिहिलं होतं, "तू जिंकलास त्या दिवशी माझे बाबा सहा महिन्यांनी हसले." मी काकांना एकटेच वेडे समजत होते. इथे तर डबाभर होते.

"वाचून दाखवता त्याला?" मी विचारलं.

"वाचतो की. त्याला कळतंय कुटं. मला बरं वाटतंय."

कापऱ्या पॅडकमध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या छोट्या कुरणात, उभा होता. कात्रणातल्यापेक्षा पोट सुटलेलं, पुढचा उजवा पाय जरा जाड. पण मान तीच. काका कुंपणापाशी गेले आणि दोन्ही हात आडव्या बांबूवर ठेवून उभे राहिले. तसेच उभे राहत असणार रेसकोर्सवर. मग घसा खाकरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "हुर्र्यो."

घोड्याने डोकं झटकन वर केलं, डोळे पांढरे केले आणि उधळून पार पलीकडच्या कुंपणाला जाऊन थरथरत उभा राहिला.

"आवो, आवो! आवाज न्हाई!" अंकुश धावत आला. "त्याला आवाज सोसत न्हाई. शिंगरू हुता तवापास्नं. पत्रा वाजला तरी घाम फुटतुया त्याला."

"पन मी हळूच..." काका म्हणाले. "त्याला सवय हाय माज्या आवाजाची. मी वळणावर असायचो. नऊ डाव."

अंकुशने काकांकडे नीट बघितलं. त्याला असली माणसं ओळखीची असावीत. तरीही त्याने जे सांगितलं ते सरळच सांगितलं, खोट्याची त्याला सवय नसावी.

"पाव्हणं, रेसच्या दिवशी त्याच्या कानात कापूस आसायचा. दोन्ही कानात. मी सोता ठासायचो, तबेल्यातनं निगायच्या आदी. वरनं टोप्या. त्याला गर्दीचा आवाज जाऊ नये म्हनून."

तो खोलीत गेला आणि खिळ्यावरची एक गोष्ट घेऊन आला. विटलेल्या लाल कापडाच्या दोन टोप्या, नाडीने जोडलेल्या. एकीच्या आत अजून पिवळट कापसाचा बोळा होता. ती तसबीर देवघराशेजारी लटकत होती. लाल टोप्या त्यात ढळढळीत दिसत होत्या. चार वर्षं तो माणूस त्या टोप्यांकडे बघून ओरडत होता आणि दोन वर्षं त्यांना उदबत्ती ओवाळत होता.

"पन त्यो सुटायचा," काका म्हणाले. "माज्यासमोरच सुटायचा."

"वळान संपलं की जॉकी लगाम ढिला सोडायचा. तशी सांगीच आसायची त्याला. तुमी नसता तरी तितंच सुटला आसता."

"आन् कान फिरवला त्यो?"

"कापूस टोचत आसंल," अंकुश म्हणाला.

काकांनी ती टोपी हातात घेतली. बोळा बाहेर काढला, चिमटीत दाबून बघितला, परत आत घातला. त्यांचा चेहरा मला वाचता येईना.

"मग त्यो शेवटचा डाव? पाय ग्येला त्यो?"

"पाय दोन दिस आदीच गरम हुता. मी सांगितलं हुतं, पळवू नगा. आपलं कोन ऐकतंय? तुमी तितं उबं राहून बोंबलला आसता तरी पाय जानारच हुता. तुमी कशाला जिवाला लावून घेता?"

काकांनी टोपी परत दिली. गूळ, गाजरं आणि कोरडा पाव कुंपणाच्या खांबाशी नीट मांडून ठेवला, आणि वळून स्कूटीकडे चालायला लागले. ते दोन शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. घोडा अजून लांबच उभा होता.

मी मात्र खुशीत होते, हे कबूल करते. हादरले होते, पण मनातून वाटत होतं की सुटला बिचारा. परतीच्या वाटेवर मी मागे वळून वळून बडबडत होते. काका, बघा, तुमची काही चूकच नव्हती. दोन वर्षं उगाच त्रास करून घेतलात. आता घरी जाऊन पोटभर जेवा. लवळ्याच्या चढावर त्यांनी खांद्यावर थाप मारली. मी गाडी बाजूला घेतली.

काका उतरले आणि रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. समोर खाली नांद्याचा सगळा पसारा दिसत होता, मावळतीच्या उन्हात.

"मग त्या दिशी मी काय केलं?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्न कळला नाही. "पौडला काम होतं ना तुमचं?"

"व्हय. कचेरीत हुतो. दुपारचा टायम. हिकडं रेस सुटायची येळ आन् तिकडं मी सही केली. खरेदीखतावर. समदी जमीन, हिरीसकट. पोरगं म्हनलं, समदे इकत्यात, आपुनच का राह्यचं? मी म्हनलं, बरं." ते थांबले. "दुसऱ्या दिशी पेपरात कापऱ्याचं बघितलं. मला वाटलं, ह्येच. ह्याचंच वाईट वाटतंय मला. कापऱ्यासाठी रडायला येत हुतं, पोरी. कुनी इचारलं तर सांगायला बरं. घोडा ग्येला म्हनून. आता त्यो बी मदनं निगून ग्येला. आता फकस्त सही ऱ्हायली."

इतकं सलग ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. आणि पोरी असं कधी म्हणाले नव्हते. मी नेहमी म्याडम.

"कुठली जमीन, काका?" मी विचारलं. का विचारलं? मला वाटतं तोपर्यंत मला कळलं होतं. पेढा खिशात टाकणं, म्हशीची सबब, सकाळचा तो वळसा, सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं होतं.

काकांनी हनुवटीने खाली दाखवलं. बांबूच्या परांच्या बांधलेल्या, अर्ध्या रंगवलेल्या चार इमारती.

"तुमचा तिसरा मजला हाय न्हवं? तितं."

मी स्कूटीला धरून उभी राहिले. चुका शोधायचा पगार घेणारी मी, दोन वर्षं त्या माणसाच्या डोक्यावर राहत होते आणि मला एवढं दिसलं नव्हतं. सॉरी म्हणावं तर कशाबद्दल? मी रीतसर कर्ज काढून घेतलेलं घर ते. तरी तोंडातून "सॉरी काका" निघालंच. ते म्हणाले, "तुमी काय केलं? चला, म्हशी खोळंबल्यात." अंधार पडायच्या आत आम्ही घरी होतो.

ही पोस्ट लिहायला तीन महिने लागले. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: सगळी मिळून ऐंशीएक किलोमीटरची फेरी, सकाळी लवकर निघा, पौडला पेट्रोल भरून घ्या, पाण्याकाठी प्लास्टिक टाकू नका. आणि घोडा कुठे दिसलाच, तर ओरडू नका.

काकांनी तसबीर उतरवली नाही. मला वाटलं होतं उतरवतील. फक्त देवघराजवळून काढून गोठ्याच्या भिंतीला लावली. जेवण अजून निम्मंच आहे, काकी सांगतात.

मागच्या आठवड्यात मला फ्लॅटच्या चाव्या मिळाल्या. मी खाली जाऊन सांगितलं, पेढे नेले नाहीत. काकांनी बादली ठेवली, पायात वहाणा घातल्या आणि म्हणाले, "चला." या वेळी वळसा नाही, सरळ दारावरून. लिफ्ट चालू झालेली नाही, तीन मजले चढलो. काका हॉलमधून न थांबता गॅलरीत गेले. दोन्ही हात कठड्यावर ठेवून उभे राहिले, कासार आंबोलीच्या कुंपणाला ठेवले होते तसेच. खाली पार्किंगच्या फरश्या बसवत होते. काकांनी बोटाने मला दाखवलं: ती पांढरी गाडी उभी हाय तितं हीर. त्या खांबाशी आंबा. ह्यो आपल्या पायाखाली हरभरा.

फरशी कापायचं मशीन खाली कर्कश ओरडत होतं. ते थांबायची काकांनी वाट बघितली. थांबलं तेव्हा कठड्यावरून थोडे पुढे वाकले, आणि खालच्या कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "चुकलो."

मी मागे हॉलमध्ये चाव्या हातात धरून उभी होते. गृहप्रवेशाची तारीख मी अजून काढलेली नाही.